थेंब-चिप : प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी

नोंदवही आजपासून. काम असं : नमुन्यात एखाद्या जनुकाच्या नेमक्या किती प्रती आहेत ते मोजायचं, आणि त्यासाठी लागणारी चिप (बारीक वाहिन्यांची, म्हणजे चॅनेलची, छोटी पट्टी) आपणच घडवायची. पीसीआर म्हणजे तापवण्या-गार करण्याच्या चक्रांत डीएनएच्या प्रती वाढवत नेण्याची प्रक्रिया; तिच्या २० मायक्रोलिटर मिश्रणाचे साधारण १०० मायक्रोमीटर व्यासाचे एकसारखे थेंब तेलात पाडायचे, थेंबांच्या पोटातच पीसीआर उरकायची आणि शेवटी चमकणारे, म्हणजे ज्यांत ते जनुक होतं असे, थेंब मोजायचे.

हे करणारी यंत्रं विकत मिळतात. त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही. पण विकतच्या यंत्राचं कार्ट्रिज बंद असतं. थेंबाचा आकार, तेल, चॅनेलची रुंदी यातलं काहीच आपल्या हाती राहत नाही. आमचे पुढचे नमुने गढूळ आणि दाट असणार आहेत, तेव्हा आतलं सगळं बदलता येईल अशी चिप हवी.

मॅडमची अट एकच : प्रत्येक निर्णयाशेजारी कारण लिहा. कारण नसेल तर 'कारण नाही' असं लिहा, पण रकाना रिकामा सोडू नका.

१५ जानेवारी

रिअल-टाइम पीसीआरनं हेच होत असताना थेंबांचा खटाटोप कशाला, हा प्रश्न बायोकेमिस्ट्रीच्या सहकारिणीनं काढला. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर लिहितो.

रिअल-टाइममध्ये प्रतींसोबत वाढणारी चमक ठरावीक पातळी कितव्या चक्राला ओलांडते ते बघतात, आणि माहीत असलेल्या प्रमाणांच्या आलेखाशी ताडून प्रतींचा आकडा काढतात. नमुन्यात प्रती बनवणाऱ्या एन्झाइमला अडवणारं काही असलं तर पातळी उशिरा ओलांडली जाते आणि आकडा कमी येतो. थेंबांना आपण एवढंच विचारतो : तुझ्यात एक तरी प्रत होती का? थेंब जरा उशिरा चमकला तरी उत्तर 'हो'च राहतं. ताडून बघायला आलेखही लागत नाही.

नमुना इतका विरळ करायचा की बऱ्याच कप्प्यांत काहीच नसेल आणि मग पॉसाँच्या (तुरळक घटनांच्या शक्यतेच्या) सूत्रानं मागे हिशेब करायचा, ही पद्धत १९९२ मध्येच वापरली गेली होती. फोगेलस्टाइन आणि किन्झलर यांनी १९९९ मध्ये तिला 'डिजिटल पीसीआर' म्हटलं, तेव्हा त्यांच्यापाशी कप्पे होते ३८४ खळग्यांच्या प्लेटचे. कल्पना पक्की होती, कप्पे मात्र फार थोडे आणि फार मोठे. पुढची दहा-बारा वर्षं कप्पे लहान आणि पुष्कळ करण्यात गेली. रसायन जवळपास तेच राहिलं.

आता हिशेब. १०० मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबात ०.५२ नॅनोलिटर मावतं, म्हणजे २० मायक्रोलिटरचे सुमारे ३८,००० थेंब. समजा २०,००० थेंब मोजले आणि ४,००० चमकले. एका थेंबात दोन-तीन प्रतीही शिरलेल्या असतात, म्हणून ४,००० म्हणजे ४,००० प्रती असं धरता येत नाही. न चमकलेले ०.८; त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन चिन्ह उलटं केलं की थेंबामागे सरासरी ०.२२३ प्रती येतात, म्हणजे एकूण सुमारे ४,४६०. फरक दहा टक्क्यांच्या वरचा आहे. सरासरी ०.१ असेल तर चमकलेल्यांपैकी जेमतेम ५ टक्के थेंबांत एकाहून जास्त प्रती असतात आणि दुरुस्ती किरकोळ ठरते. उलट सगळेच थेंब चमकले तर हिशेबच संपला. शून्याचा लॉगॅरिदम कुठून आणणार!

या गणितात एक गोष्ट गृहीत आहे : सगळे थेंब सारख्या आकाराचे. मोठ्या थेंबात प्रत सापडण्याची शक्यता जास्त, लहानात कमी. आकारात गडबड झाली की सूत्र निमूटपणे चुकीचा आकडा देतं. तेव्हा प्रकल्पाचं खरं मोजमाप थेंबांचा एकसारखेपणा हेच.

१९ जानेवारी

पिपेट तपासून घेतले. अर्ध्या मायक्रोलिटरच्या खाली हातातल्या पिपेटवर विसंबायचं नाही असं ठरलं.

जाता जाता : मारबुर्गच्या हाइनरिश श्निट्गरनं स्प्रिंगच्या दट्ट्याचा पिपेट १९५७ मध्ये बनवला तो तोंडानं काचनळी ओढायला कंटाळून. त्याआधी प्रयोगशाळांमध्ये मायक्रोलिटर तोंडानंच ओढत. खळग्यांची प्लेटही साधारण त्याच काळातली, १९५१ मधली, हंगेरीच्या ताकाची यांची. जनुकांचं विश्लेषण म्हटलं की लोकांना एन्झाइम आणि अनुक्रम आठवतात. मला तर वाटतं या क्षेत्रातले निम्मे शोध 'एवढंसं पाणी धरायचं कसं' या प्रश्नाचे आहेत.

२४ जानेवारी

चिपचं रेखाटन. मेकॅनिकलच्या जोडीदारासोबत दिवसभर.

आधी प्रवाहाचा स्वभाव. आमचा मुख्य चॅनेल १०० मायक्रोमीटर रुंद आणि ८० उंच. त्यातून मिनिटाला १० मायक्रोलिटर पाणी गेलं तर वेग सेकंदाला सुमारे २१ मिलिमीटर आणि रेनॉल्ड्स आकडा (प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा) २ च्या आत. नळात खळबळ सुरू व्हायला तो २,००० च्या आसपास लागतो. म्हणजे इथे भोवरे नाहीत, घुसळण नाही. दोन प्रवाह शेजारी सोडले तर ते शेजारीच वाहत राहतात आणि मिसळतात ते फक्त रेणूंच्या आपोआप पसरण्यानं. फ्लुरोसिनसारख्या लहान रंगाच्या रेणूला १०० मायक्रोमीटर ओलांडायला १२ सेकंदांच्या आसपास लागतात, लांब डीएनएला कितीतरी जास्त. म्हणूनच २००२ मध्ये चॅनेलच्या तळाशी तिरक्या खाचा काढून प्रवाहाला पीळ देण्याची युक्ती निघाली. आम्हाला ती नको. मिश्रण ट्यूबमध्येच तयार होणार, चिपमध्ये मिसळायचं काहीच नाही. (कारणाचा रकाना भरला.)

मग रोध, म्हणजे चॅनेल प्रवाहाला किती अडवतो ते. चॅनेलची उंची रुंदीच्या मानानं फार कमी असेल तर रोध उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो : उंची निम्मी, रोध आठपट. आमचा चॅनेल चौरस होण्याच्या जवळ आहे, तिथे हाच आकडा पाच-साडेपाच पटींवर येतो. १ सेंटिमीटर लांबीला १० मायक्रोलिटर प्रतिमिनिट पाण्यासाठी दाब लागतो फक्त ८ मिलिबारच्या आसपास. जोडीदाराला हे इतकं कमी वाटलं की त्यानं गणित पुन्हा केलं. तेच आलं. हा आकडा नंतर उपयोगी पडणार आहे.

थेंब पाडायचे कसे? दोन रस्ते. टी-जंक्शनमध्ये पाणी बाजूनं येऊन वाहत्या तेलात शिरतं आणि तेल त्याचा तुकडा पाडतं. २००१ मध्ये क्वेक यांच्या गटानं हे दाखवलं. दुसरा फ्लो-फोकसिंगचा, २००३ मधला : पाणी मधून येतं, तेल दोन्ही बाजूंनी दाबतं आणि अरुंद मानेतून जाताना पाण्याची धार तुटते. दुसरा घेतला. पाणी सगळीकडून तेलात वेढलेलं राहतं, भिंतीला कमी लागतं. मान ७० मायक्रोमीटर.

२ फेब्रुवारी

साचा आला. सिलिकॉन वेफरवर (पातळ चकतीवर) एसयू-८ या प्रकाशानं कठीण होणाऱ्या रसायनाचा थर, त्यात आमचे चॅनेल उंचवट्याच्या रूपात. उंची प्रोफायलरवर तपासली : मधोमध बरोबर, कडेला थर किंचित जाड. कडेच्या चिप वापरायच्या नाहीत.

त्यावर पीडीएमएस (सिलिकोन रबर) ओतलं. दहा भाग मूळ द्रव, एक भाग कठीण करणारा घटक, चांगलं ढवळून व्हॅक्यूममध्ये हवा काढून टाकली, मग ओव्हनमध्ये. सोलून काढलं की पारदर्शक रबरी चिप हातात.

या सोप्या कामामागे बराच इतिहास आहे. स्टॅनफर्डमध्ये टेरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये सिलिकॉन वेफरवर अख्खा गॅस क्रोमॅटोग्राफ (वायूंच्या मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) कोरला, पण त्याचा लगेच फारसा प्रसार झाला नाही. आंद्रेयास मांझ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'संपूर्ण रासायनिक विश्लेषण एका चिपवर' ही कल्पना मांडल्यावर काचेच्या चिपची लाट आली. काच म्हटली की कोरायला हायड्रोफ्लोरिक आम्ल, जोडायला भट्टी, आणि प्रत्येक नव्या रेखाटनाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. व्हाइटसाइड्स यांच्या गटानं १९९८ मध्ये पीडीएमएसमध्ये चॅनेल ओतून दाखवले आणि रेखाटनापासून चिपपर्यंतचा प्रवास दिवसभरात उरकू लागला. सोमवारी सुचलेलं मंगळवारी सूक्ष्मदर्शकाखाली बघता येऊ लागलं, म्हणून हे तंत्र जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत शिरलं. पीडीएमएस पदार्थ म्हणून काही फार गुणी नाही. ते हवा आरपार जाऊ देतं, पाण्याची वाफ जाऊ देतं, लहान तैलप्रेमी रेणू शोषून घेतं. पण पटकन होतं, आणि तेवढ्यावर जिंकलं.

५ फेब्रुवारी

भोकं पाडली, ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) दिला, काचपट्टीवर चिकटवली. जोड पक्का.

प्लाझ्मानं मात्र चॅनेलच्या भिंती पाण्याला जवळ करतात आणि आम्हाला हवं नेमकं उलट. भिंत पाण्यानं भिजली की धार तुटत नाही, भिंतीला चिकटून लांब वाहत जाते. आज तेच दिसलं. चिप नुसती ठेवून दिली तरी भिंती हळूहळू पुन्हा पाण्याला दूर ठेवू लागतात, पण त्याला किती वेळ लागेल ते हवामानावर सोपवण्यात अर्थ नाही. चॅनेलमधून फ्लुरोसिलेन (भिंतीवर पाण्याला दूर ठेवणारा थर देणारं रसायन) फिरवून वाळवायचं ठरलं.

९ फेब्रुवारी

थेंब! मानेपाशी सुंदर तुटताहेत.

मिनिटाला १० मायक्रोलिटर पाणी आणि ०.५२ नॅनोलिटरचा थेंब, म्हणजे सेकंदाला सुमारे ३२०. साध्या कॅमेऱ्यात नुसता करडा पट्टा दिसतो. लहान एक्स्पोजरचा कॅमेरा शेजारच्या विभागातून उसना आणला.

फीतभर चित्रं तपासल्यावर एक गंमत. थेंबांचा आकार हळूच वाढतो, हळूच कमी होतो, ठरावीक लयीत. ही लय सिरिंज पंपाची. त्यातली स्टेपर मोटर पावलं टाकत पुढे जाते आणि प्रत्येक पाऊल थेंबांत उमटतं. १० मिलिलिटरच्या सिरिंजऐवजी १ मिलिलिटरची लावली. दट्ट्या तेवढ्याच प्रवाहाला नऊ-दहा पट वेगानं सरकतो, पावलं जवळजवळ पडतात आणि लय पुसली जाते. एका स्वस्त बदलानं एवढा फरक पडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

आजचा विषय ट्यूब. हा मुद्दा शोधनिबंधांत दोन ओळींत उरकलेला असतो, म्हणून इथे मोकळेपणानं लिहितो.

सिरिंजपासून चिपपर्यंत ३० सेंटिमीटर ट्यूब, आतला व्यास अर्धा मिलिमीटर. त्या ट्यूबमध्येच ५९ मायक्रोलिटर मावतं. आमचा नमुना २० मायक्रोलिटर! सगळा नमुना ट्यूबमध्येच बसतो आणि चिपपर्यंत एक थेंबही पोचत नाही. शिवाय सुई, जोडणी, सिरिंजच्या टोकाची पोकळी हे वेगळंच. नॅनोलिटरच्या गप्पा मारणाऱ्या चिपच्या दाराशी मिलिलिटरच्या मापाचं सामान उभं असतं, ही या क्षेत्राची जुनी अडचण आहे. चॅनेल कितीही बारीक कोरा, नमुना शेवटी माणसाच्या हातातून, पिपेटमधूनच येतो.

तोडगा : नमुना पिपेटच्या टिपमध्ये ओढायचा, टिप थेट चिपच्या भोकात घट्ट बसवायची आणि मागून तेलानं ढकलायचा. तेल नमुन्यात मिसळत नाही, दट्ट्यासारखं काम करतं. वाया गेलं ते टिपच्या टोकाशी उरलेलं, बस्स.

सहकारिणी म्हणाली, "हे आधीच का नाही करत सगळे?" करतात. सांगत नाहीत.

२० फेब्रुवारी

तापवायचं कुठे, चिपवर की बाहेर?

चिपवर तापवण्याचा मोह होतोच. कॉप, डी मेलो आणि मांझ यांनी १९९८ मध्ये काचेच्या चिपवर तीन तापमानांचे पट्टे ठेवले आणि चॅनेल त्यांवरून नागमोडी २० वेळा नेला. यंत्र तापतच नाही, थंडही होत नाही. द्रवच गरम पट्ट्यावरून गार पट्ट्यावर जातो. २० चक्रं प्रवाहाच्या वेगाप्रमाणे दीड ते १८.७ मिनिटांत. कल्पनेचा नेटकेपणा बघून अजूनही हेवा वाटतो.

पण आमची चिप पीडीएमएसची. ९५ अंश सेल्सिअसला पाण्यात विरघळलेली हवा बाहेर येते, पीडीएमएसमधली हवा तिला येऊन मिळते, बुडबुडा फुगतो आणि पुढचं सगळं ढकलून देतो. वाफ भिंतीतून उडून जाते ते निराळं. दाबाखाली ठेवून, काचेचा पातळ थर घालून यावर मात करता येते, पण चिपचा साधेपणा जातो. निर्णय : चिपवर फक्त थेंब पाडायचे, ते ट्यूबमध्ये गोळा करायचे आणि नेहमीच्या पीसीआर मशीनमध्ये ठेवायचे. तापमान बदलण्याचा वेग कमी ठेवायचा, म्हणजे तेलात तरंगणाऱ्या सगळ्या थेंबांना सारखं तापमान मिळेल.

बंद थेंबात पीसीआर होते हेही टॅक एन्झाइमचे उपकार. मुलिस यांनी १९८३ मध्ये पीसीआर सुचवली तेव्हाचं एन्झाइम उष्णतेनं मरायचं, दर चक्राला नव्यानं घालावं लागायचं. ३८,००० थेंबांत दर चक्राला एन्झाइम कोण घालणार? गरम झऱ्यांतल्या जिवाणूचं एन्झाइम आलं आणि नळी बंद ठेवता आली. त्यानंतरच तिला लहान करण्याचा विचार शक्य झाला.

२३ फेब्रुवारी

तापवल्यावर थेंब एकमेकांत मिसळले. तळाशी मोठाले गोळे.

तेल बदललं : खनिज तेलाच्या जागी एचएफई-७५०० हे फ्लोरिनयुक्त तेल. उत्कलनबिंदू १२८ अंश, म्हणजे ९५ ला धोका नाही. त्यात फ्लोरिनयुक्त सर्फॅक्टंट, म्हणजे थेंबांना वेगळं ठेवणारा साबणासारखा पदार्थ. आता थेंब ४० चक्रांनंतरही वेगळे राहिलेत.

२६ फेब्रुवारी

थेंब शाबूत आहेत, पण चमक फिकी.

संशय पृष्ठभागावर. गोलाचं पृष्ठफळ आणि घनफळ यांचं गुणोत्तर व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतं. २० मायक्रोलिटरचा एकच थेंब धरला तर व्यास ३.४ मिलिमीटरच्या आसपास. त्याचेच १०० मायक्रोमीटरचे थेंब केले की पृष्ठफळ सुमारे ३४ पट. एन्झाइमला जाऊन चिकटायला तेवढी जागा वाढली. ट्यूबमध्ये जे प्रमाण पुरतं ते इथे कमी पडतं. मिश्रणात बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घातलं. ते आधी जाऊन जागा अडवतं आणि एन्झाइम मोकळं राहतं. चमक परत आली. सहकारिणीनं एन्झाइमचं प्रमाणही थोडं वाढवायला सांगितलं. ते वेगळ्या फेरीत बघू, दोन बदल एकदम नकोत.

५ मार्च

मोजणी. थेंब दोन काचांमध्ये एका थरात पसरवले, फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली चित्रं घेतली. आलेखावर खाली न चमकलेल्यांचा पट्टा, वर चमकलेल्यांचा, आणि मध्ये 'पाऊस' : धड इकडे नाहीत, धड तिकडे नाहीत असे थेंब. काही थेंबांत पीसीआर उशिरा सुरू झालेली असते, काहींचा आकार बिघडलेला असतो. रेषा कुठे ओढायची यावर निकाल हलतो, म्हणून रेषा निकाल बघण्याआधी ब्लँकवरून (डीएनए न घातलेल्या नमुन्यावरून) ठरवायची आणि मग हलवायची नाही. आकार बिघडलेले थेंब चित्रातूनच वगळायचे. दर थेंबाचा व्यास आपल्याला दिसतोय, हा आमच्या पद्धतीचा फायदा आहे, तो वापरू.

११ मार्च

दहादहापट विरळ केलेल्या नमुन्यांची मालिका. आकडे रेषेत उतरत गेले, सगळ्यात विरळ नमुन्यापर्यंत.

पण ब्लँकमध्येही मोजके थेंब चमकले. इथे डीएनए नाहीच, मग प्रती आल्या कुठून? आधीच्या पीसीआरचं वाढलेलं डीएनए हवेतून, बाकावरून येतं, हा या कामातला सगळ्यात जुना शत्रू. रिअल-टाइममध्ये एवढी थोडी भेसळ शेवटच्या चक्रांच्या गोंधळात लपते. थेंब एकेक प्रत दाखवतात, लपवत नाहीत. उपाय नेहमीचेच : मिश्रण एका खोलीत, मोजणी दुसऱ्या खोलीत, आणि डीटीटीपी या डीएनएच्या घटकाच्या जागी डीयूटीपी वापरून, तो असलेलं डीएनए ओळखणारं एन्झाइम युरासिल-डीएनए ग्लायकोसिलेज. म्हणजे मागच्या फेरीची भेसळ पीसीआर सुरू होण्याआधीच कापली जाते.

१८ मार्च

मॅडमनी विचारलं, थेंबांऐवजी व्हॉल्व्ह का नाही? रकाना भरतो.

क्वेक यांच्या गटानं २००० मध्ये पीडीएमएसच्या दोन थरांचा व्हॉल्व्ह बनवला : वरच्या चॅनेलमध्ये हवा भरली की मधला पातळ पडदा खाली दबतो आणि खालचा द्रवाचा चॅनेल बंद होतो. इथे पीडीएमएसचा रबरीपणा कामी आला. काचेत हे जमलं नसतं. २००२ च्या त्यांच्या चिपवर हजार कप्पे आणि ३,५७४ व्हॉल्व्ह होते. त्यातली मला सगळ्यात आवडणारी बाब म्हणजे निवड करण्याची जुळणी : १,०२४ चॅनेलपैकी हवा तो निवडायला नियंत्रणाच्या फक्त २० वाहिन्या पुरतात, कारण दर दोन वाहिन्यांमागे निवड निम्मी होत जाते. एकेका कप्प्यात वेगवेगळी रसायनं एकामागून एक घालायची असतील तर हाच रस्ता. आम्हाला सगळ्या कप्प्यांत एकच मिश्रण हवंय, कप्पे मात्र हजारोंनी. त्याला थेंब बरे. शिवाय थेंबांचा रस्ता पुढेही जातो : २०१५ मध्ये याच पद्धतीनं एकेका पेशीसोबत बारकोडचा (ओळखखुणेच्या डीएनए-तुकड्यांचा) मणी एका थेंबात बंद करून हजारो पेशींचं आरएनए वेगवेगळं वाचलं गेलं. मॅडमना पटलं. निदान 'बरं' म्हणाल्या.

२५ मार्च

पुढच्या चिपचं रेखाटन पूर्ण. दोन सिरिंज पंप काढून टाकतोय. तेल आणि नमुना चिपवरच्याच दोन विहिरींत पिपेटनं ओतायचे आणि बाहेर पडण्याच्या तोंडाशी एकाच सिरिंजनं ओढायचं. २४ जानेवारीच्या हिशेबाप्रमाणे लागणारा दाब मिलिबारमध्येच आहे, तेव्हा हलकी ओढही पुरते. पंपाची पावलं नाहीत, नमुन्याची ट्यूब नाही, टिप घट्ट बसवण्याची कसरतही नाही.

बदल्यात तेल-पाण्याचं प्रमाण आता बटणानं बदलता येणार नाही. ते दोन्ही चॅनेलच्या रोधांनीच ठरेल, म्हणजे मास्क (साचा घडवण्यासाठीचं रेखाटन) छापतानाच. म्हणून एकाच वेफरवर तेलाच्या चॅनेलच्या तीन लांबी ठेवल्या आहेत. नमुना संपत आला की विहिरीतून हवा आत शिरेल आणि शेवटचे थेंब बिघडतील. त्यासाठी विहिरीला तळाकडे उतार दिलाय आणि नमुन्यावर थोडं हलकं खनिज तेल तरंगत ठेवायचं ठरलंय. मास्कची फाइल संध्याकाळी पाठवली.